ओट्यावरचे पॉइंट ठरवताना

ताई, तुमचा प्रश्न वाचला. कोलशेतला नवा दोन बेडरूमचा फ्लॅट, किचन आठ बाय दहा. बिल्डरने ओट्यावर दोन बोर्ड, फ्रिजला एक पॉइंट आणि वर चिमणीसाठी एक, एवढंच दिलंय. तुमच्याकडे फ्रिज, मिक्सर, मायक्रोवेव्ह, ओटीजी (छोटा ओव्हन), इंडक्शन आणि केटल आहे, वॉटर प्युरिफायर येणार आहे, वर्षभरात डिशवॉशर घ्यायचाय. आई सोबत असतात, वय सत्तरीपुढे, आणि स्वयंपाकघर मुख्यतः त्यांच्याच हातात. इलेक्ट्रिशियन म्हणतोय, ‘आहे त्या बोर्डातून लूप मारून तीन सॉकेट वाढवून देतो.’ तुम्ही विचारलंय, एकूण किती पॉइंट घ्यावेत, कुठे घ्यावेत आणि हे लूपचं चालेल का.

लूप, म्हणजे आहे त्याच वायरवरून पुढे आणखी सॉकेट जोडणं, चालणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ट्रॉल्या, चिमणी, कपाटं यांतलं काहीही पुढे बदलता येतं. वायर मात्र एकदा टाइलच्या आड गेली की वीस वर्षं तिच्याकडे कोणी बघत नाही. मी सव्वीस वर्षं ठाण्यात आणि नवी मुंबईत वायरिंगची कामं करतोय. नौपाड्यातल्या जुन्या इमारती असोत, वाशी-नेरुळची सिडकोची घरं असोत की घोडबंदर रोडचे टॉवर, किचनमधला जळालेला सॉकेट उघडला की कारण बहुतेक वेळा तेच निघतं: एका वायरवर तिला न झेपणारं काम टाकलेलं असतं. म्हणून किती पॉइंट हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आधी बघू की तुमच्या घरी एका वेळी काय काय चालू असतं, आणि ते कुठल्या वायरवर.

हिशोब अगदी सोपा आहे. घरात येणारी वीज २३० व्होल्टची. वस्तूवर लिहिलेले वॅट घ्या, २३० ने भागा, अँपिअर मिळाले. साडेसातशे वॅटचा मिक्सर सव्वातीन अँपिअर घेतो. दीड हजार वॅटची केटल साडेसहा. इंडक्शन दोन हजारांवर ठेवलं की पावणेनऊच्या आसपास. मायक्रोवेव्हच्या बाबतीत लोक चुकतात. जाहिरातीत ८०० वॅट लिहिलेलं असतं, पण ती आत अन्नाला मिळणारी ताकद झाली. भिंतीतून तो बाराशे-तेराशे ओढतो. मागच्या स्टिकरवर इनपुटचा आकडा असतो, तोच धरायचा. फ्रिज चालू असताना दीडशे-दोनशे वॅटच खातो, पण साध्या कॉम्प्रेसरचा फ्रिज सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट घेतो.

आता सकाळी साडेसातला ओट्यापाशी उभ्या राहा. इंडक्शनवर काहीतरी ठेवलंय, केटलमध्ये पाणी, मायक्रोवेव्हमध्ये कालची भाजी गरम होतेय, आई डब्यासाठी चटणी वाटतायत, फ्रिज चालू आहेच. २००० अधिक १५०० अधिक १३०० अधिक ७५० अधिक २००, म्हणजे ५७५० वॅट. भागिले २३०, बरोबर २५ अँपिअर. बिल्डरने ओट्याच्या दोन्ही बोर्डांना आणि फ्रिजला मिळून बहुतेक अडीचची, म्हणजे अडीच स्क्वेअर मिलिमीटरची, एकच वायर दिलेली असते. डीबीत, म्हणजे घरभराच्या लाइनी जिथून निघतात त्या पेटीत, तिच्यावर १६ चा किंवा २० चा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. तो एमसीबी पडणार, आणि पडायलाच हवा, त्याचं कामच ते आहे. तुमच्या इलेक्ट्रिशियनने वाढवलेले तीन सॉकेट या वायरची ताकद अर्ध्या अँपिअरनेही वाढवत नाहीत. उलट आणखी तीन वस्तू तिच्यावर लावायची सोय करून देतात.

यापुढे काय होतं ते मी इतक्या घरांत बघितलंय की आता राहवत नाही, म्हणून सांगतो. एमसीबी रोज सकाळी पडायला लागतो. घरातले वैतागतात. कोणीतरी येऊन १६ चा काढून ३२ चा बसवून देतो, पाच मिनिटांचं काम. ट्रिप होणं बंद, सगळे खूश. भिंतीतली वायर मात्र तीच अडीचची आहे. आता ती तापून तिचं इन्सुलेशन कडक झालं, चिरलं, तरी वर बसलेला एमसीबी काही बोलणार नाही. एमसीबी असतो वायरला वाचवायला. वायर न बदलता कोणी मोठा एमसीबी बसवून देतो म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा.

नेरुळमधल्या एका घरातला अनुभव सांगतो, कारण हा वास तुम्हाला ओळखता आला पाहिजे. त्या बाईंचा फोन आला की ओट्याजवळ चार दिवस बोंबील सडल्यासारखा वास येतोय. त्यांनी कचऱ्याचा डबा धुतला, सिंकच्या पाइपात गरम पाणी ओतलं, फ्रिजमागे काही पडलंय का बघितलं. वास संध्याकाळी यायचा, रात्री जायचा. मी गेलो आणि ओटीजीचा प्लग उपसला. पिन काळीनिळी पडलेली. सॉकेटच्या एका भोकाची कड तपकिरी, दुधात घातलेलं बिस्कीट कडेने मऊ पडतं तशी वितळून आत झुकलेली. ओटीजीचा मोठा प्लग कन्व्हर्टर लावून ६ अँपिअरच्या सॉकेटात बसवला होता, आणि प्लेट काढली तर मागचा स्क्रूही अर्धा आटा ढिला. स्विच-सॉकेटचं काही प्लास्टिक फार तापलं की जळण्याआधी असाच मासळीसारखा वास सोडतं. मासळी शिजणाऱ्या घरात तो कोणाच्या लक्षात येत नाही, हीच अडचण. घरात मासळी नसताना तो वास आला, तर ओट्यावरचे प्लग एकेक करून काढा आणि पिनांचा रंग बघा.

ढिल्या जोडणीत होतं काय? स्पर्श नीट नसल्यामुळे तिथे थोडा अडथळा तयार होतो. तो ओहमचा दहावा भाग धरा. नऊ अँपिअर त्यातून गेले की त्या जागी आठ वॅट उष्णता तयार होते. आठ वॅट ऐकायला काहीच वाटत नाही, घरातला एलईडी दिवा असतो तेवढ्याचा. पण ही उष्णता मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत, बंद प्लास्टिकच्या आत, रोज तासभर साठत राहते. त्यात आपल्याकडची खाडीची दमट हवा. घणसोली, ऐरोली, वाशीच्या खाडीकडच्या घरांत मी पितळेवर हिरवट थर दोन-तीन वर्षांत बघितलाय. पितळ काळवंडलं की अडथळा वाढतो, अडथळा वाढला की ते आणखी तापतं.

आता तुमच्या किचनबद्दल. डीबीपासून मी पॉवरच्या पाच वेगळ्या लाइनी आणीन. पहिली फ्रिजची, तिच्यावर दुसरं काहीही नाही. दुसरी ओट्याच्या मिक्सरच्या बाजूच्या बोर्डाची: एक १६ चा सॉकेट, एक ६ चा, दोघांना आपापले स्विच. केटल आणि मिक्सर एकदम चालले तरी दहा अँपिअरच्या आत राहतं. तिसरी ओट्याच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डाची, तीही तशीच, तिथे इंडक्शन. चौथी टॉल युनिटमध्ये, म्हणजे उंच उभ्या कपाटात, मायक्रोवेव्ह आणि ओटीजीसाठी, दोन १६ चे सॉकेट. दोन्ही एकाच वेळी चालवले तरी बारा-तेरा अँपिअर होतील. मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शनवाला घेणार असाल तर तो आकडा दोन हजारांपुढे जाऊ शकतो, मग ओटीजीला या लाइनीवर ठेवू नका. पाचवी डिशवॉशरची. डिशवॉशर आज नसला तरी पाइप आणि वायर आजच टाकून ठेवा, तो पाणी तापवतो आणि दोन हजार वॅटच्या आसपास घेतो. चिमणी, प्युरिफायर, शेगडीचं ऑटो इग्निशन, कपाटाखालची पट्टी आणि एक्झॉस्ट फॅन हे सगळे मिळून चार-पाचशे वॅटसुद्धा होत नाहीत, त्यांना दीडची वायर घालून एक लाइटची लाइन पुरते. म्हणजे मोठे सॉकेट सहा आणि लहान साधारण सहा. आमच्या धंद्यातला जुना नियम आहे की पॉवरच्या एका सर्किटवर दोनपेक्षा जास्त आउटलेट काढायचे नाहीत, आणि दिव्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट यांपलीकडे जायचं नाही. किचनमध्ये हा नियम मोडणारा माणूस पैसे वाचवत नसतो, ते काम तुमच्या पुढच्या दुरुस्तीवर ढकलत असतो.

पॉवरच्या लाइनींना हिशोबाने अडीचची वायर पुरते. मी ओट्याच्या दोन्ही लाइनींना आणि डिशवॉशरला चारची घालतो, कारण पाच-सहा वायरी एकाच पाइपातून एकमेकींना चिकटून जातात तेव्हा प्रत्येकीची ताकद कमी होते, आणि किचनची भिंत मे महिन्यात मुळातच तापलेली असते. पण एक लक्षात ठेवा, वायर चारची घातली म्हणून वर २५ चा एमसीबी बसवायचा नाही. सॉकेट १६ चाच आहे, त्यामुळे एमसीबीही १६ चाच. बिल्डरच्या डीबीत एवढ्या एमसीबींना जागा नसेल, तर डीबीच मोठा घ्या. आणि महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ म्हणून एक आकडा छापलेला असतो, तो बघा. एसी, गीझर आणि हे सगळं मिळून तो कमी पडत असेल तर वाढवून घ्यायचा अर्ज आत्ताच करा. मीटर थ्री फेज असेल तर संपूर्ण किचन एका फेजवर ठेवा, एसी आणि गीझर दुसऱ्या दोनांवर वाटा. एकाच ओट्यावर शेजारशेजारच्या बोर्डांत दोन वेगवेगळे फेज नकोत.

तुम्ही लिहिलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिलीत: टॉवर नवा आहे. घोडबंदर रोड, कोलशेत, माजिवड्याकडचे बरेचसे नवे टॉवर ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेले असतात, साइटवर त्याला मायव्हान म्हणतात. त्यात आतल्या भिंतीही विटांच्या नसून सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात, आणि बऱ्याच भिंती इमारतीचा भार उचलत असतात. अशा भिंतीत कटर लावून झिरी पाडायची नसते. झिरी पाडली की सळईवरचं काँक्रीट जातं, सळई उघडी पडते, आणि आपल्या हवेत ती गंजायला लागते. बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करून बघा. ब्लॉकची भिंत बद्द वाजते, काँक्रीटची टणक. खात्रीसाठी सोसायटीच्या किंवा बिल्डरच्या ऑफिसातून नकाशा मागा, आणि ‘ही भिंत आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटची) आहे का’ हे लेखी विचारा. कुठलाही इलेक्ट्रिशियन ‘थोडंसंच कापतो’ म्हणाला तरी कॉलम, बीम आणि आरसीसी भिंतीला कटर लावू देऊ नका.

मग पाच लाइनी न्यायच्या कुठून? रस्ते आहेत. डीबीपासून किचनपर्यंत फॉल्स सीलिंगच्या वरून पाइप आणायचे. फ्रिज आणि टॉल युनिटच्या मागे भिंतीवरूनच पाइप खाली उतरवायचे, ते तसेही दिसत नाहीत. मायक्रोवेव्ह-ओटीजीचे सॉकेट टॉल युनिटच्या आत, बाजूच्या प्लायवर नको, मागच्या भिंतीवर सरफेस बॉक्स लावून. ओट्यासाठी वरच्या कपाटांच्या खालच्या कडेने, जिथे लाइटची पट्टी लागते तिच्या मागून, पाइप आडवा न्यायचा आणि बोर्ड कपाटाच्या तळाशी भिंतीला टेकवून लावायचे. बिल्डरचे जे दोन बोर्ड आधीच काँक्रीटमध्ये ओतलेले आहेत, त्यांचा पाइप २५ मिलिमीटरचा असेल तर जुनी वायर ओढून काढून प्रत्येक बोर्डाला डीबीपासून स्वतःची नवी वायर ओढता येते का, हे पाइपात वायर ओढायची स्प्रिंग घालून आधी बघा. अनेकदा दोन बोर्ड आतल्या आत एकाच पाइपाने जोडलेले असतात, मग दुसऱ्या बोर्डाला वरूनच यावं लागतं. मॉड्युलर किचनवाल्याला हे सगळं कपाटं फॅक्टरीत कापायला जाण्याआधी सांगायला हवं. त्याच्या ड्रॉइंगमध्ये बोर्ड बहुतेक वेळा सुंदर दिसतील तिथे काढलेले असतात, वायर कुठून येणार हे त्यात नसतं.

जागा ठरवायला ड्रॉइंगपेक्षा आई जास्त उपयोगी पडतील. एक दिवस त्यांना रिकाम्या किचनमध्ये घेऊन जा. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे कापून ओट्यावर ठेवा: हा मिक्सर, ही शेगडी, हे इंडक्शन, हा पोळपाट. मग त्यांना नेहमीसारखं उभं राहायला सांगा. मिक्सर चालवताना एक हात झाकणावर असतो, दुसरा नॉबवर. नारळाचं वाटण घट्ट झालं, झाकण उसळलं, तर भिंतीवरचा स्विच कुठल्या हाताला सापडतो ते बघा. शेगडीवरून हात नेऊन स्विच दाबावा लागत असेल, तर ती जागा बाद. पदर किंवा ओढणी जाळावर जायला तेवढं पुरतं.

मिक्सरची वायर जेमतेम मीटरभर असते, त्यामुळे बोर्ड मिक्सरच्या जागेपासून दोन फुटांच्या आत हवा आणि वायर सिंकसमोरून किंवा शेगडीमागून जाता कामा नये. सिंकच्या काठापासून बाजूला किमान दोन फूट कुठलाही सॉकेट नको. शेगडीच्या मागच्या भिंतीवर तर नकोच नको, वाफ आणि फोडणीचं तेल सॉकेटच्या भोकांत जाऊन बसतं. ओट्यावरच्या बोर्डाचा तळ ग्रॅनाइटपासून किमान आठ ते दहा इंच वर असावा. त्याहून खाली आला की पाण्याचे शिंतोडे उडतात आणि उंच भांडं ठेवलं की स्विच झाकला जातो. ही मापं तयार ओट्यापासून मोजायची. कच्च्या फरशीवरून खूण केली, मग खालच्या मसाल्यासकट दोन-तीन इंचांची टाइल, वर ग्रॅनाइट आणि त्याची पट्टी चढली, की बोर्डाची प्लेट पट्टीत घुसते. हे इतक्या ठिकाणी होतं, की मी गवंड्याकडून लेव्हलचा धागा मारून घेतल्याशिवाय बॉक्सला हात लावत नाही.

सत्तरीतल्या हातांसाठी आणखी एक. १६ अँपिअरचा प्लग घट्ट असतो, असायलाच हवा. तो उपसायला जोर लागतो, आणि बोटं दुखत असली की माणूस नकळत वायर धरून ओढतो. वायर आतून तुटते, पिन ढिली होते, आणि मग नेरुळच्या त्या ओटीजीसारखं होतं. म्हणून जी वस्तू रोज लागते तिला तिचा स्वतःचा सॉकेट द्या, प्लग कायम लावलेला राहू दे, आईंनी फक्त स्विच दाबायचा. सहा मोठे सॉकेट मी यासाठीही सांगतोय. मोठ्या सॉकेटांना लाल दिव्याचे स्विच घ्या, चालू-बंद लांबून दिसतं. डिशवॉशर आणि टॉल युनिटचे सॉकेट आत लपलेले असले तरी त्यांचे स्विच बाहेर, ओट्यावर हाताला येतील असेच घ्या. डिशवॉशरचा सॉकेट यंत्राच्या पाठीमागे नको, शेजारच्या ट्रॉलीच्या कप्प्यात जमिनीपासून फूट-दीड फुटावर, आणि सिंकखालच्या कप्प्यात तर नक्कीच नको. फ्रिजचंही तेच, स्विच फ्रिजच्या मागे गेला तर गरज पडेल तेव्हा फ्रिज ओढावा लागेल. चिमणीचा सॉकेट सात फुटांच्या आसपास, डक्टच्या आवरणात लपेल असा, पण आधी चिमणीचं मॉडेल ठरवा. प्युरिफायरचा त्याच्या बाजूला, खाली कधीही नाही. गळलं तर थेंब सॉकेटवर पडतात.

अर्थिंगवर मला थोडा वेळ थांबायचंय. नौपाड्यातल्या एका जुन्या घरात फ्रिजला हात लावला की झिणझिण्या यायच्या. त्या घरातल्या आजी फ्रिज उघडण्याआधी रबरी चपला पायात घालायच्या, दाराजवळच त्यांचा जोड ठेवलेला असायचा. सॉकेट उघडला तर आधीच्या कोणीतरी वरच्या अर्थच्या भोकाला न्यूट्रलमधूनच इंचभर वायरचा तुकडा जोडून दिला होता. टेस्टरवर ‘अर्थ आहे’ असं दाखवायची ही जुनी लबाडी आहे आणि ती जीव घेऊ शकते. मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला, तर तो तुकडा फ्रिजच्या सबंध पत्र्यावर २३० व्होल्ट आणून ठेवतो. त्या घरात मीटर रूमच्या अर्थच्या पट्टीपासून वेगळी हिरवी वायर वर आणली, तेव्हा झिणझिण्या थांबल्या. तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन लांब आणि जाड का असते? ती सगळ्यांत आधी टेकावी आणि सगळ्यांत शेवटी सुटावी म्हणून. ज्या सॉकेटात ती पिन कुठेच पोचत नाही, तिथे ही सगळी रचना वाया जाते. तुमच्या नव्या घरात अर्थ असेलच, पण प्रत्येक सॉकेटवर तो मीटर लावून तपासून घ्या आणि न्यूट्रल-अर्थ एकत्र केलेले नाहीत ना, हेही बघा.

एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. माणसाच्या अंगातून किंवा ओल्या यंत्रातून करंट जमिनीत गळायला लागला की तो वीज तोडतो. किचनसाठी ३० मिलिअँपिअरचा घ्या, आणि इंडक्शन, इन्व्हर्टरवाले फ्रिज, वॉशिंग मशीन असल्यामुळे टाइप ए मागा, साधा एसी टाइप नको. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. मात्र फ्रिज घरच्या मोठ्या आरसीसीबीवर ठेवू नका, त्याला स्वतःचा आरसीबीओ द्या, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हींचं काम एकत्र करणारा. तुम्ही गणपतीला पाच दिवस गावी गेलात आणि इकडे पावसाची ओल बाल्कनीतल्या एखाद्या सॉकेटात शिरून आरसीसीबी पडला, तर परत आल्यावर सगळा फ्रिज टाकून द्यावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये मला येणारे निम्मे फोन असेच, ‘काही लावलेलं नाही तरी ट्रिप होतंय’ असे असतात, आणि बहुतेक ठिकाणी कारण बाहेरच्या भिंतीतल्या बॉक्समध्ये शिरलेलं पाणी. ज्या भिंतीच्या पलीकडे मोकळं आकाश आहे, तिच्यात शक्यतो बोर्ड घेऊ नका.

गॅसचं एक सांगतो. तुमच्याकडे पाइपचा गॅस असेल तर तो हवेपेक्षा हलका, गळला की वर जातो. सिलिंडरचा गॅस जड, तो खाली ट्रॉलीत, फरशीलगत साठतो. स्विच दाबताना आत बारीक ठिणगी पडतेच. म्हणून सिलिंडरच्या कप्प्यात एकही सॉकेट किंवा स्विच नको, डिशवॉशरचा सॉकेटही त्याच्या शेजारच्या कप्प्यात नको, आणि गॅसच्या पाइपाला खेटून वायरचा पाइप नेऊ नका. गॅसचा वास आला तर कुठलंच बटण दाबायचं नाही, एक्झॉस्टचंसुद्धा नाही. खिडक्या उघडायच्या.

सामानात आयएसआय मार्क बघा. वायर फ्लेम रिटार्डंट घ्या आणि रंग पाळायला लावा: न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. पुढे दहा वर्षांनी उघडणाऱ्याला त्याचाच आधार असतो. जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची पीळ मारून जोडणारे अजून भेटतात, तुमच्याकडे तो प्रश्न नाही. तरी पाइपात मध्येच जोड नको, डीबीपासून सॉकेटपर्यंत सलग वायर, हे ठेकेदाराच्या कागदावर लिहून घ्या. तो लायसन्सवाला असावा. काम झाल्यावर, टाइल लागण्याआधी, त्याला मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावायला सांगा. ५०० व्होल्टवर इन्सुलेशन किमान एक मेगओहम यायला हवं, नव्या वायरीला ते कितीतरी जास्त येतं.

आणि टाइलवाला यायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीवर मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा, पाइप कुठून गेलाय ते स्पष्ट दिसेल असे. सहा महिन्यांनी मसाल्यांचं शेल्फ ठोकायला कोणी ड्रिल घेऊन येईल तेव्हा ते उपयोगी पडतील. तोपर्यंत मला तीन गोष्टी कळवा: फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडतं, सिंकपासून शेगडीच्या मधोमध किती इंच आहेत, आणि आईंनी मिक्सर कुठल्या कोपऱ्यात मागितला. मग बोर्डांच्या जागा इंचात सांगतो.